शिकारी माशांची लांबी मोजू नका, तोंड पाहा

तुम्ही विचारले आहे की, हजार लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत व्होलिटान्स लायनफिश, क्लाउन ट्रिगर, पँथर ग्रूपर आणि स्नोफ्लेक मोरे ईल (सापासारखा लांब मासा) हे चार शिकारी मासे एकत्र राहतील का, आणि ‘सगळे सारख्या आकाराचे घेतले की भांडणे होत नाहीत’ हा तुम्हाला मिळालेला सल्ला बरोबर आहे का. सल्ला चुकीचा आहे. क्लाउन ट्रिगर वगळा, पँथर ग्रूपरचा पुन्हा विचार करा, उरलेले दोघे सुखाने राहतील. खरे तर उत्तर इथेच संपायला हरकत नव्हती. परंतु याच ‘सारख्या आकारा’वरून माझ्या एका परिचितांशी माझा जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

शिकारी माशांत गिळणारे आणि चावणारे असे दोन वर्ग असतात, आणि टाकी ठरवताना हाच फरक सर्वांत आधी पाहावा लागतो. लायनफिश व ग्रूपर गिळणारे आहेत. ते तोंड एकदम उघडतात आणि आत शिरणाऱ्या पाण्याबरोबर भक्ष्य अख्खे ओढून घेतात. जे तोंडात मावत नाही, त्याच्याशी त्यांना सहसा कर्तव्य नसते. त्यामुळे आकाराचा नियम त्यांना लागू पडतो. ट्रिगर मात्र चावणारा आहे. समुद्री साळिंदरावर (काटेरी गोलसर सी अर्चिनवर) पाण्याचा झोत मारून ते उलटे पाडायचे आणि मऊ बाजूने फोडून खायचे, ही त्याची पद्धत. अशा माशाला समोरचा प्राणी आपल्या तोंडात मावतो की नाही, याच्याशी काही देणेघेणे नसते, कारण तो तुकडा तोडून घेतो. मोरे ईल या दोन्हींत बसत नाही; ती पुढच्या दातांनी पकड घेते आणि घशातली जबड्यांची दुसरी जोडी पुढे आणून घास आत ओढते, हे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. स्नोफ्लेकचे दात मात्र बोथट, खेकडे-कोळंबी फोडण्याजोगे असतात, त्यामुळे मोठ्या माशांना तिचा फारसा धोका नसतो.

आता माझ्या परिचितांविषयी. त्यांची टाकी तुमच्या टाकीपेक्षा मोठी होती, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र) उत्तम होता आणि पाण्याची निगा ते माझ्याहून काटेकोरपणे राखत असत, हे मी आधीच मान्य करतो. त्यांनी लायनफिशच्याच लांबीचा क्लाउन ट्रिगर आणून सोडला. मी हरकत घेतली, तेव्हा ते म्हणाले की, लायनफिश विषारी असल्यामुळे ट्रिगरच त्याच्यापासून लांब राहील. ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिचा मला आता राग येतो. लायनफिशचे विषारी काटे पाठीवर 13 असतात, शिवाय पोटाखालच्या परांत (पर म्हणजे माशाचे पोहण्याचे पंख) आणि गुदपरात आणखी काही असतात; परंतु पंख्यासारखे पसरलेले, सर्वांत देखणे छातीपर पूर्णपणे निर्विष असतात. धोका जाणवला की लायनफिश डोके खाली घालून पाठीचे काटे शत्रूकडे रोखतो, आणि त्याच वेळी ते दोन्ही पर बाजूंना उघडे पडतात. ट्रिगरला हे समजायला फारसा वेळ लागत नाही.

काही आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा लायनफिश ओव्हरफ्लोच्या (टाकीतले जादा पाणी बाहेर जाण्याच्या कप्प्याच्या) कोपऱ्यात तोंड खाली करून लटकत होता. उजव्या छातीपराच्या काड्या कात्रीने छाटाव्यात तशा एका रेषेत तुटल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या पडद्याला अर्धवर्तुळाकार खाचा पडल्या होत्या. खायला देण्याची वेळ झाली, तेव्हा चिमट्यात धरलेला म्हाकुळाचा तुकडा त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच ट्रिगरने हिसकावला, आणि जाता जाता त्याच्या शेपटीलाही तोंड लावले. हे आम्ही दोघांनीही पाहिले. तरीही त्यांचे निदान असे की परांना जिवाणूंचा रोग झाला आहे, म्हणजे पर सडत आहेत. सडलेल्या पराची कड पांढुरकी व झिरमिळ्यांसारखी होते आणि ती हळूहळू आत सरकते; दात लागलेल्या पराची कड स्वच्छ असते. मी हे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि टाकीत तांब्याचे औषध घातले.

या औषधाविषयी स्पष्टच बोलतो. तांबे परजीवींवर चालते, पर सडण्यावर त्याचा उपयोग नाही. आणि ज्या टाकीत मोरे ईल आहे, तिथे तर ते वापरूच नये, कारण या बिनखवल्यांच्या माशांना तांबे सोसत नाही. शिवाय ते लाइव्ह रॉकमध्ये (टाकीत ठेवलेल्या, सूक्ष्मजीव वसलेल्या सच्छिद्र खडकांत) शोषले जाते, तो भाग वेगळाच. त्यांच्या स्नोफ्लेकने खाणे सोडले. शेवटी लायनफिश माझ्याकडे आला, माझ्या टाकीत ट्रिगर नसल्यामुळे त्याचे पर कोणत्याही औषधाविना भरून आले, आणि परिचितांचे म्हणणे आजही असे आहे की ‘पाणी बदलल्यामुळे रोग बरा झाला’. दोन्ही टाक्यांतले मीठ एकच, घनता 1.025 च्या आसपास, तापमान सारखे आणि नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारा घटक) तर माझ्याकडेच जास्त! मग बदलले ते काय?

तुमच्या यादीबद्दल बोलायचे तर पँथर ग्रूपर लहानपणी ठिपक्यांचा गोंडस मासा दिसतो, परंतु तो 70 सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो, तर लायनफिश साधारण 38 पर्यंत. आज सारखे असलेले दोघे पुढे सारखे राहणार नाहीत, आणि पोटात लायनफिश गेला तर काट्यांचा उपयोग कोणालाच होणार नाही. त्याऐवजी 30 सेंटीमीटरच्या आसपास थांबणारा हार्लेक्विन टस्क मासा घ्या. ईलसाठी झाकण घट्ट हवे, पाइपच्या फटीही बुजवा. ट्रिगर हवाच असेल तर प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खाणारा ब्लूजॉ हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी. तो सर्वांत शेवटी सोडा. फॉक्सफेस शाकाहारी असला तरी त्याच्या काट्यांतही विष असते, त्यामुळे अशा टाकीत मोठा फॉक्सफेस सहसा टिकतो. पफर मात्र लायनफिशसोबत नको, तोही चावणाराच. गोल्डफिशसारखे गोड्या पाण्यातले जिवंत मासे चारू नका, आणि पूर्ण वाढलेल्या लायनफिशला रोज खायला घालू नका, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. लठ्ठपणाने यकृत बिघडते.

हेही नोंदवले पाहिजे की प्रत्येक माशाचा स्वभाव वेगळा असतो. क्लाउन ट्रिगर आणि लायनफिश दीर्घकाळ एकत्र राहिल्याची उदाहरणे मी ऐकली आहेत, आणि ती सगळीच खोटी नसावीत. टाकीत हात घालताना काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम, सुमारे 40 ते 45 अंशांच्या पाण्यात हात बुडवून ठेवा, म्हणजे वेदना कमी होतात, आणि मग डॉक्टरांकडे जा.

तुमच्याकडे ट्रिगर आधीच आला असेल आणि पर झिजताना दिसत असतील, तर औषध घालण्यापूर्वी टाकीच्या मधोमध भोकांची ॲक्रिलिक फळी बसवा. पाणी दोन्हीकडे तेच राहील, फक्त ट्रिगर पलीकडे जाईल. पर तरीही झिजत राहिले तर रोग, भरून यायला लागले तर दात. मी हीच चाचणी परिचितांना सुचवली होती आणि फळीही देऊ केली होती. परंतु टाकीची शोभा जाईल म्हणून त्यांनी ती नाकारली.