वाचक विचारतात : पर्यावरण विज्ञान शिकवायला मोफत काय काय मिळते?

माध्यमिक वर्गांना पर्यावरण विज्ञान शिकवते. मोफत साधने शोधायला बसले की शेकडो दुवे सापडतात आणि त्यातच वेळ जातो. एक यादी द्याल का?

लांबलचक यादी मुद्दामच देत नाही, कारण त्रास यादीचाच आहे. वर्षभराला चार साधने पुरतात : प्रयोगासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (संगणकावरचे आभासी प्रयोग), आकड्यांसाठी हवाईतल्या मौना लोआ केंद्राची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची नोंद, निरीक्षणासाठी आयनॅचरलिस्ट (जीवांचे फोटो टाकून ओळख पटवून घेण्याची जागा) आणि नकाशासाठी ग्लोबल फॉरेस्ट वॉच (उपग्रहावरून झाडोऱ्यातले बदल दाखवणारा नकाशा). एका तासाला एकच साधन आणि एकच प्रश्न ठेवा. वाचायला मजकूर हवा असेल तर मोफत पाठ्यपुस्तके देणाऱ्या ओपनस्टॅक्सच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातला परिसंस्थेचा विभाग घ्या. तो मोफत आहे आणि नीट लिहिलेला आहे.

मौना लोआचे आकडे उतरवले, पण स्प्रेडशीटमध्ये सगळे एकाच रकान्यात येतात. कसेबसे वेगळे केले, तर आलेखातल्या काही रेषा शून्याच्या खाली जातात. काय चुकते?

दोन वेगळ्या चुका आहेत. नोआ ही अमेरिकी संस्था मासिक सरासरी दोन प्रकारच्या फायलींत देते. एकीत आकड्यांमध्ये मोकळी जागा असते, दुसरीत स्वल्पविराम. तुम्ही पहिली घेतलेली दिसते. स्वल्पविरामाची, म्हणजे सीएसव्ही फाइल घ्या. तिच्या सुरुवातीला # चिन्हाने सुरू होणाऱ्या बऱ्याच ओळी असतात. त्या आधी वाचा, कारण रकान्यांचा अर्थ तिथेच दिलेला असतो. मग त्या काढून टाका.

शून्याखालच्या रेषा येतात त्या सगळे रकाने निवडून आलेख काढल्यामुळे. जुन्या वर्षांसाठी ‘महिन्यातले किती दिवस मोजले’ आणि ‘प्रमाण विचलन’ ही माहिती उपलब्ध नाही. तिथे −१ आणि −९.९९ भरलेले असते. ती मोजमापे नव्हेत, रिकाम्या जागेच्या खुणा आहेत. फक्त तिसरा रकाना (दशांशात लिहिलेले वर्ष) आडव्या अक्षावर आणि चौथा (मासिक सरासरी) उभ्या अक्षावर घ्या. आलेखाचा प्रकार ‘स्कॅटर’ निवडा.

रेष करवतीच्या पात्यासारखी दिसेल. ते दात पुसून टाकायची घाई करू नका, धड्याचा गाभा तिथेच आहे. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास शिखर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळ येतो. मधला फरक साधारण सहा-सात पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत तितके भाग) असतो. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, म्हणून झाडोराही जास्त. उन्हाळ्यात तो वायू शोषतो, हिवाळ्यात कुजणे आणि श्वसन वरचढ ठरते. दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राचे आकडे त्याच आलेखात घातले की तिथले दात जवळजवळ बुजलेले दिसतात. ‘असे का?’ एवढाच प्रश्न टाका आणि गप्प बसा.

वार्षिक वाढ काढताना मुले हमखास जानेवारीतून मागचा सप्टेंबर वजा करतात आणि भलताच आकडा येतो. मेमधून मागच्या वर्षीचा मेच वजा करायचा. साठच्या दशकात वाढ वर्षाला एक पीपीएमच्या आत होती, अलीकडे ती दोनच्या वर गेली आहे. वार्षिक सरासरी १९५९ मध्ये सुमारे ३१६ होती, २०२४ मध्ये ती ४२४ च्या वर पोहोचली.

शेवटी तोच आलेख दोनदा काढायला लावा : एकदा उभा अक्ष शून्यापासून, एकदा ३०० पासून. आकडे तेच, पण एक आलेख शांत वाटतो तर दुसरा घाबरवतो. वर्तमानपत्रातले आलेख वाचण्याची याहून चांगली तालीम नाही.

एखादे चलाख मूल विचारेलच की मौना लोआ तर ज्वालामुखी आहे, मग उद्रेक झाला की मोजणीचे काय होते? नोव्हेंबर २०२२ मधल्या उद्रेकात केंद्राचे काम बंद पडले, तेव्हा काही महिने शेजारच्या मौना केआवरून मोजणी झाली.

शाळेत इंटरनेट अधूनमधूनच असते. फेट वापरता येईल का?

येईल. सिम्युलेशन एका एचटीएमएल फाइलच्या रूपात उतरवता येते. पेनड्राइव्हवरून प्रत्येक संगणकावर टाका, ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. अनेक सिम्युलेशन्स मराठीतही आहेत.

आधी ‘रेणू आणि प्रकाश’ घ्या. अवरक्त किरण निवडून नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन एकामागून एक समोर ठेवा. पहिल्या दोघांतून किरण सरळ निघून जातो. उरलेले दोन रेणू थरथरतात, किरण शोषतात आणि मग तो भलत्याच दिशेला सोडतात. ही ‘भलती दिशा’ मुलांच्या लक्षात आणून द्या, नाहीतर हरितगृह वायू म्हणजे झाकण ही समजूत पक्की होते. त्यानंतरच ‘हरितगृह परिणाम’ उघडा. तिथे वायूचे प्रमाण बदलल्यावर तापमान लगेच स्थिरावत नाही. आकडा थांबण्याआधीच वहीत उतरवला की प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे येते.

आयनॅचरलिस्टवर वर्गाने दीडशे नोंदी टाकल्या, पण बहुतेक ‘कॅज्युअल’ (पडताळणीस अपात्र) शेऱ्यातच अडकल्या. कोणी ओळख पटवत नाही.

तारीख, ठिकाण किंवा पुरावा नसला तर नोंद तिथेच राहते. कुंडीतली, बागेत लावलेली झाडे आणि पाळीव प्राणीही तिथेच जातात. शाळेच्या नोंदींत हीच मोठी अडचण असते. त्यामुळे मुलांना आपोआप उगवलेलेच शोधायला सांगा : भिंतीच्या फटीतले रोप, दगडावरचे शेवाळे, दिव्याखालचा पतंग.

वनस्पतीचे एकच छायाचित्र पुरत नाही. संपूर्ण रोप, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू आणि फूल किंवा फळ असे चार फोटो एकाच नोंदीत हवेत. चार फोटोंच्या चार नोंदी केल्या की ओळखणारे वैतागतात. ॲपने सुचवलेले पहिले नाव डोळे मिटून स्वीकारू नका. खात्री नसेल तर कुळापर्यंतच थांबा.

तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी खाते न लागणारे ‘सीक’ हे ॲप बरे. आणि घराच्या अंगणातल्या नोंदीचे ठिकाण ‘अस्पष्ट’ ठेवा.

ग्लोबल फॉरेस्ट वॉचवर लागवडीचा भागही ‘जंगल गेले’ असा दिसतो. नकाशा चुकीचा आहे का?

नकाशा बरोबर आहे, चूक वाचण्यात होते. तो २००१ पासूनची वृक्षाच्छादनातली घट दाखवतो. उपग्रहाला पाच मीटरहून उंच झाडोरा दिसतो. तो जंगलाचा की कापणीला आलेल्या लागवडीचा, हे त्याला कळत नाही. वणव्याने गेलेली झाडेही त्यातच येतात. घट आणि वाढ यांची वजाबाकीही करू नका, दोन्ही मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत.

यातले साहित्य भाषांतर करून मुलांना छापून देता येईल?

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांत फरक आहे. पानाच्या तळाशी परवाना पाहा. सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेयाची अट असलेला परवाना) असेल तर श्रेय देऊन भाषांतर करा, छापा. त्यापुढे एनसी (व्यापारी वापराला मनाई) असेल तर विकू नका. एनडी (बदल करायला मनाई) असेल तर भाषांतर वाटता येत नाही. तिथे परवानगीचे पत्र लिहावे लागेल.