दीनियातचा (इस्लामी धर्मशिक्षणाचा) तास नव्याने घेणाऱ्यांसाठी

आधी कागदपत्रं. संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती लागते. ती लेखीच घ्या.

४० मिनिटांच्या तासात पहिली १५ मिनिटं कायद्याच्या, म्हणजे अरबी अक्षरओळखीच्या पहिल्या पुस्तकाच्या, वाचनाला द्या. दोन-तीन ओळी पुरेत, पण प्रत्येक मुलाने त्या म्हणून दाखवायला हव्यात. मोबाईलवरची तिलावत (कुराणपठण) जरूर ऐकवा. जीभ कुठे टेकते ते मात्र समोर बसूनच सुधारतं. देवनागरीत लिहिलेल्या सूरह (कुराणातले अध्याय) पाठ करू देऊ नका. से, सीन, साद या तिन्ही अरबी अक्षरांचा तिथे एकच 'स' होतो आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

अर्थ मुलाच्या भाषेत सांगा. मराठी शाळेतल्या मुलावर जड उर्दू लादू नका.

कोकणातली बहुतेक मुस्लिम घरं शाफई, घाटावरची हनफी; हे धर्माचरणाच्या रीतींचे दोन पंथ. एकच वर्ग, पण एक मूल नमाजात रुकूला (कमरेत वाकायला) जाताना हात उचलतं, आमीन मोठ्याने म्हणतं, दुसरं नाही. दोन्ही रीती सांगा, घरची मोडू नका. इथे नवे शिक्षक घाईने एकाला चूक ठरवतात आणि पालक दुरावतात.

जकात (बचतीतून द्यायचं बंधनकारक दान) फळ्यावर गणित मांडूनच शिकवा. वर्षभर राहिलेली बचत ४ लाख, तिचा चाळिसावा भाग १०,००० रुपये. निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) ६१२.३६ ग्रॅम चांदीचा धरला, तर त्या दिवसाचा भाव मुलांनाच शोधायला लावा.