गुळवेलीतून पॉलिसॅकराइड काढून त्याचे अँटिऑक्सिडंट आणि थकवा घालवणारे गुण कसे तपासावेत?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी गुळवेलीच्या खोडाचा अर्क काढलात आणि फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाच्या चाचणीत साखर भरपूर दिसली, असं तुम्ही लिहिलंय. मलाही तशीच दिसली होती. मग गाईडनी आयोडीनचा थेंब टाकायला लावला आणि नळी निळीशार झाली. दोन महिने खपून मी काढलं होतं ते बहुतेक स्टार्च! तोही पॉलिसॅकराइडच, म्हणजे साखरेच्या घटकांची लांब साखळी, पण आपल्याला हवा तो नव्हे. गुळवेल ठेचून रात्रभर पाण्यात भिजवली की तळाला जे पांढरं सत्त्व बसतं, तेही मुख्यतः स्टार्चच. ४९० नॅनोमीटरवरची ही चाचणी साखर मोजते. ती स्टार्चची की आणखी कशाची, हे तिला कळत नाही.

म्हणून पूड आधी ८० टक्के इथेनॉलमध्ये रिफ्लक्स करा (वाफ थंड होऊन परत खाली पडेल अशा रीतीने उकळा). रंग, कडू द्रव्यं आणि सुटी साखर निघून जाते. मग गरम पाण्यात अर्क काढा आणि त्यात अमायलेज व अमायलोग्लुकोसिडेज ही स्टार्च तोडणारी एन्झाइमं घाला, आयोडीन निळं पडायचं थांबेपर्यंत. प्रथिनांसाठी क्लोरोफॉर्म-ब्युटेनॉल (४:१) घालून हलवा आणि मधला पांढरट थर टाकून द्या. हे फ्यूम हुडमध्येच. पुढे डायलिसिस (पातळ पडद्याच्या पिशवीतून लहान रेणू बाहेर काढणं), मग पॉलिसॅकराइड खाली बसावं म्हणून चौपट इथेनॉल घालून रात्रभर फ्रिजमध्ये. हाती चिमूटभर येईल, घाबरू नका.

अँटिऑक्सिडंटसाठी सगळे डीपीपीएच करतात, म्हणजे त्या जांभळ्या रंगद्रव्याचा रंग नमुन्याने किती उतरतो ते पाहतात. पण ते मिथेनॉलमध्ये असतं आणि त्यात पॉलिसॅकराइडचा साका होतो. द्रावण गढूळ झालं की ५१७ नॅनोमीटरची रीडिंग बिघडते. नमुन्याचा वेगळा ब्लँक (डीपीपीएच न घातलेली नळी) ठेवा, नाहीतर पाण्यात चालणारी एबीटीएस ही तशीच रंगाची चाचणी करा. पॉलिफिनॉल मोजणारी फोलिनची चाचणीही लावा. पावडरीला पॉलिफिनॉल चिकटलेले असतील तर श्रेय त्यांचं असतं, आणि शोधनिबंधात नाव मात्र पॉलिसॅकराइडचं लागतं. (माझ्या मते यातले अर्धे दावे इथेच गळतील.)

थकव्यासाठी उंदराच्या शेपटीला त्याच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भार बांधून तो दमेपर्यंत पोहू देतात. शिवाय रक्तातलं लॅक्टेट आणि युरिया, यकृत-स्नायूंतलं ग्लायकोजन मोजतात. याला संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आधी लागते, म्हणून एका सेमिस्टरमध्ये मी तरी यात पडलो नसतो. पडलातच, तर एका गटाला तेवढाच साधा स्टार्च द्या. नाहीतर उंदीर जास्त पोहला तो औषधामुळे की पोटात गेलेल्या पिठामुळे, हे व्हायव्हात सांगता येणार नाही.