सामना शेजारी दिसतो, आमच्या केबलवर का नाही?

प्रश्न : सत्तरी तालुक्यातील आमच्या घरी केबलची जोडणी आहे. भारताचा एकदिवसीय सामना असला की डीडी स्पोर्ट्सवर आम्हाला भलताच कार्यक्रम दिसतो. शेजारी मात्र फ्री डिशवर, त्याच वाहिनीवर, तोच सामना थेट चालू असतो. माझे वडील ऐंशीच्या पुढचे आहेत. सामन्याच्या दिवशी ते काठी टेकत शेजारच्या पडवीत जाऊन बसतात. महत्त्वाचे सामने दूरदर्शनवर दाखवण्याचा कायदा आहे ना? मग हा भेद का? आणि एफसी गोवाचे सामने दूरदर्शनवर का येत नाहीत?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : अशा दिवशी बोलणी केबलवाल्यालाच खावी लागतात, म्हणून आधी सांगतो की दोष त्याचा नाही. आपण म्हणता तो कायदा 2007 सालचा आहे. राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्याचे हक्क ज्या खासगी वाहिनीकडे असतील तिने त्याचे थेट प्रक्षेपण, स्वतःच्या जाहिराती वगळून, त्याच वेळी दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे आणि त्यावर दूरदर्शनला मिळणाऱ्या जाहिरात-उत्पन्नातून किमान 75 टक्के वाटा त्या वाहिनीने घ्यावा, अशी त्याची तरतूद आहे. तिकडे 1995 च्या केबल कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे प्रत्येक केबलचालकाला बंधनकारक केलेले होते. हे दोन कायदे एकत्र आले आणि सशुल्क वाहिनीने विकत घेतलेला सामना दूरदर्शनच्या वाटेने प्रत्येक केबलग्राहकाच्या घरी फुकट पोहोचू लागला. मग ती वाहिनी पैसे भरून घेणार कोण? वाद न्यायालयात गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी कायम केला : प्रसार भारतीने हा सामना फक्त आपल्या भूप्रक्षेपणावर आणि आपल्याच डीटीएच सेवेवर, म्हणजे फ्री डिशवर, दाखवावा, खासगी केबल किंवा डीटीएचकडे तो जाऊ देऊ नये. भूप्रक्षेपण म्हणजे छपरावरच्या जुन्या अँटेनाचा जमाना. त्याचे बहुतेक मनोरे पुढे दूरदर्शननेच बंद केले. राहिली ती फ्री डिश.

कायद्याच्या शब्दांचा न्यायालयाने लावलेला अर्थ मला चुकीचा वाटत नाही. खोट कायद्यातच आहे. जास्तीत जास्त लोकांना सामना विनामूल्य पाहता यावा, असा हेतू त्याच्या आरंभीच लिहिलेला असताना, महिन्याला केबलचे पैसे मोजणारा माणूसच त्या लाभातून वगळला गेला आहे. हे सुधारण्यासाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, पण तो कायद्यात उतरला नाही.

वडिलांसाठी म्हणाल तर फ्री डिशची पेटी आणि छत्री एकदाच विकत घ्यावी लागते, मासिक शुल्क नाही. केबल काढण्याचीही गरज नाही. टीव्हीच्या दुसऱ्या खोबणीत ही पेटी जोडता येते. तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, म्हणजे गोव्यातून छत्रीचे तोंड आग्नेयेकडे येते. त्या बाजूला माडाची झावळी आड येत नाही ना, हे बसवणाऱ्याला आधीच पाहायला सांगा. जोराच्या पावसात चित्र जाते, त्याला मात्र उपाय नाही.

आता फुटबॉल. अधिसूचित यादीत ऑलिंपिक आहे, भारताचे एकदिवसीय आणि टी-20 सामने आहेत. पण क्लबांच्या लीगना, मग ती क्रिकेटची आयपीएल असो की फुटबॉलची आयएसएल (इंडियन सुपर लीग, एफसी गोवा जिच्यात खेळतो ती), त्यात स्थान नाही. त्यामुळे हे सामने दूरदर्शनला देण्याची सक्ती कोणावरच नाही. 22 ऑक्टोबर 2025 रोजी सौदीचा अल नस्र संघ फातोर्ड्यात एफसी गोवाशी खेळला, आपला संघ 1-2 असा हरला, आणि ज्याला तिकीट मिळाले नाही त्याला तो सामना फॅनकोड या अ‍ॅपवर पैसे भरून पाहावा लागला. ज्या गावांत भात कापल्यावर शेतातच गोलपोस्ट उभे राहतात, तिथल्या म्हाताऱ्यांनी अ‍ॅप कुठून आणायचे? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क 2010 मध्ये 15 वर्षांसाठी 700 कोटी रुपयांना दिले होते. ती मुदत संपत आली तेव्हा, नोव्हेंबर 2025 मध्ये, आयएसएलच्या हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. त्याची कारणे अनेक आहेत. तरीही जो खेळ फुकटच्या पडद्यावर फारसा दिसत नाही त्याला नवा प्रेक्षक मिळत नाही आणि प्रेक्षक नसलेल्या हक्कांना गिऱ्हाईक मिळत नाही, असे मला वाटते. निदान लीगचा अंतिम सामना तरी यादीत घालावा, ही मागणी गोव्यातून व्हायला हवी.

प्रश्न : आयपीएल दोन वर्षे मोबाइलवर फुकट होती, मग अचानक पैसे का? दोन कंपन्या असत्या तर दर उतरले असते का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोन कंपन्या काय विकतात, त्यावर ते ठरते. 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले, तेव्हा भारतातील टीव्हीचे हक्क एका समूहाकडे आणि मोबाइलचे दुसऱ्याकडे होते. सामना तोच, दुकाने दोन. म्हणून प्रेक्षक ओढण्यासाठी 2023 आणि 2024 मध्ये मोबाइलवाल्यांनी तो फुकट दिला. नोव्हेंबर 2024 मध्ये दोन्ही समूहांचे माध्यम-व्यवसाय एकत्र आले आणि 2025 पासून सरसकट फुकट दाखवणे थांबले.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नेमके उलटे घडले. सारे सामने एकाच वाहिनीला विकू नयेत, असा आग्रह युरोपीय आयोगाने धरला आणि 2007 पासून ते वाहिन्यांमध्ये वाटले गेले. पण शनिवारचा एक सामना या वाहिनीवर आणि दुसरा त्या वाहिनीवर, असे झाल्यावर प्रत्येक सामन्याचा विक्रेता एकच राहिला आणि घरोघर दोन वर्गण्या भराव्या लागल्या. आयपीएलच्या बाबतीत एक व्यावहारिक सूचना : अ‍ॅपची वर्गणी स्वतंत्रपणे भरण्याआधी आपल्या मोबाइलच्या रिचार्जमध्ये ती आहे का, ते पाहून घ्या, 2025 मध्ये काही रिचार्जबरोबर ती मिळत होती.