व्हर्जिनियात पौरोहित्य करायचंय, तर ऑनलाइन ऑर्डिनेशन कुठून घ्यावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला, उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं आणि तरी लिहायला बसलेच.

तुम्ही म्हणता, ज्ञान प्रबोधिनीत पौरोहित्य शिकलात, पुण्यात लग्नं-मुंजी लावता, आता मिस्टरांच्या नोकरीमुळे एच-४वर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, उत्तर व्हर्जिनियात येताय, मुलगी चौथीत आहे. तिथल्या ओळखीच्यांनी सांगितलं की लग्न लावायचं तर ऑनलाइन ऑर्डिनेशन घे, म्हणजे धर्मगुरू होऊन टाक, पाच मिनिटांचं काम आहे. तर कोणती साइट विश्वासाची?

साइट सांगते, पण आधी दक्षिणेचं. एच-४वर स्वतंत्र वर्क परमिट नसेल तर दक्षिणा घ्यायची नाही. पाकिटातून नाही, 'आशीर्वाद म्हणून' नाही, नवऱ्याच्या खात्यावर तर नाहीच. ते परमिटही नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्याला पोचल्याशिवाय मिळत नाही. 'ऑर्डिनेशन असलं की आर-१, म्हणजे धर्मकार्य करणाऱ्यांचा व्हिसा, मिळतो' असं कुणी सांगेल, त्याला हसून सोडून द्या. आर-१ला इथल्या नोंदणीकृत धर्मसंस्थेने अर्ज करावा लागतो आणि त्या संप्रदायाचं निदान दोन वर्षांचं सभासदत्व दाखवावं लागतं. बाकी व्हिसाचं सरकारी साइटवर सगळं आहे, मी उगाळत नाही.

आता साइट्स. मूळ नाव युनिव्हर्सल लाइफ चर्च. कर्बी हेन्सली नावाच्या गृहस्थांनी १९६२ साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावात ती संस्था नोंदवली आणि मागेल त्याला टपालाने फुकट धर्मगुरू करायला सुरुवात केली. आज त्याच नावाला 'मॉनेस्ट्री' जोडून सिएटलला जी आहे ती वेगळी संस्था, मोडेस्टोची नव्हे. अमेरिकन मॅरेज मिनिस्ट्रीज तिसरी, तीही सिएटलचीच. नावं इतकी मिळतीजुळती की लोक एकीचा कागद काढतात आणि लग्नाचे कागद बघणाऱ्या सरकारी क्लर्कला दुसरीचं नाव सांगतात. तिघींपैकी कुठलीही खोटी नाही. पण माझ्या मते चांगली साइट ती, जी तुमच्या राज्यात अडचण येऊ शकते हे पैसे मागायच्या आधी सांगते, जिची नोंद चार वर्षांनी क्लर्कने मेल टाकून विचारली तरी सापडते आणि जी नोंदणी फुकट करते. 'सगळ्या ५० राज्यांत शंभर टक्के मान्य' असं जी छातीठोकपणे लिहिते, ती बंद करा. मानद डॉक्टरेट विकणारीही बंद करा.

मी स्वतः घेतलंय. नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, बटण दाबलं, झालं. त्यानंतर जे पान उघडतं ते म्हणजे तुळशीबागच: सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र, पाकिटात ठेवायचं कार्ड, गळ्यात घालायचं उपरणं, गाडीच्या काचेत लावायची 'क्लर्जी' पाटी. मी फक्त प्रमाणपत्र आणि 'लेटर ऑफ गुड स्टँडिंग', म्हणजे आपण त्या संस्थेचे धर्मगुरू आहोत असं तिचं पत्र, मागवलं. काही ऑफिसांत ते पत्र मागतात, म्हणून तेवढं घ्या.

पण तुम्ही आमच्यासारख्या न्यू जर्सीत नाही, व्हर्जिनियात येताय, आणि तिथेच खरी मेख आहे. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ सालीच या चर्चच्या लोकांना लग्न लावायचा अधिकार नाकारला होता. मागेल त्याला धर्मगुरू करणाऱ्या संस्थेचा माणूस म्हणजे कायद्याला अभिप्रेत असलेला धर्मगुरू नव्हे, हा त्याचा मथितार्थ. आजही तिथे लग्न लावणाऱ्याला आधी सर्किट कोर्टाच्या क्लर्ककडून ऑर्डर घ्यावी लागते. ऑर्डिनेशनचा पुरावा हवा, शिवाय त्या धर्मसंस्थेशी तुमचा नियमित संबंध आहे याचाही. एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दिलेली ऑर्डर राज्यभर चालते. पण एका काउंटीचा क्लर्क ऑनलाइन कागद घेतो आणि शेजारचा परत करतो, हेही तिथे सर्रास चालतं. टेनेसीने तर २०१९ साली ऑनलाइन ऑर्डिनेशनवाल्यांना कायद्यानेच मनाई केली आणि प्रकरण कोर्टात गेलं. पेन्सिल्व्हेनियात यॉर्क काउंटीच्या न्यायाधीशाने २००७ साली एक लग्नच रद्दबातल ठरवलं, कारण लावणारा इंटरनेटवरचा धर्मगुरू होता आणि त्याच्याकडे नेमाने उपासनेला जमणारे लोक नव्हते.

आपल्या लोकांना हे जास्त भोवतं. गोऱ्या जोडप्याचं लग्न कागदावर लंगडं निघालं तर घटस्फोटात वाद होईल. आपल्या मुलीचं मात्र एच-४, पुढे ग्रीन कार्ड, सगळं त्या एका दाखल्यावर लटकलेलं. म्हणून माझं मत विचाराल तर येणाऱ्या जोडप्याला सांगा, सही आधी कोर्टाने लग्न लावायला नेमलेल्या सिव्हिल सेलिब्रंटकडून घ्या. व्हर्जिनियात लग्नाच्या लायसन्सला ३० डॉलर, थांबावं लागत नाही, ६० दिवस चालतं. नदीपलीकडे वॉशिंग्टन डी.सी.त तर जोडप्याला स्वतःचं लग्न स्वतः लावता येतं. मग तुम्ही मुहूर्तावर कन्यादान, होम, सप्तपदी सगळं निवांत करा, सहीची टांगती तलवार नाही. होमासाठी हॉलवाल्याला महिनाभर आधी विचारा. फायर मार्शलची परवानगी, धुराचे अलार्म कोण बंद करणार, हे सगळं लेखी घ्या. ऐनवेळी लाजाहोम विजेच्या मेणबत्त्यांपुढे झालेला मी पाहिलाय.

स्वतःच सही करायची असेल तर क्लर्कला आत्ताच, पुण्याहूनच मेल टाका आणि उत्तर जपून ठेवा. प्रबोधिनीकडून लेटरहेडवर इंग्रजी पत्र घ्या, शिक्षण किती आणि कोणते संस्कार करायला तयार केलंय ते त्यात हवं. इथल्या एखाद्या देवळाशी जोडून घेतलंत तर क्लर्कपुढे ते वेबसाइटपेक्षा वजनदार ठरतं. बाईला असं पत्र द्यायला सगळ्या देवळांच्या कमिट्या तयार होतीलच असं नाही. आमच्याकडच्या एका कमिटीने मला 'गुरुजींना विचारून सांगतो' म्हटलं, ते अजून विचारतायत.

आणि नाव! पासपोर्टवर जे आहे तेच, अक्षरशः तेच. आपलं मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, आणि पासपोर्टवर ते पहिल्या नावाच्या रकान्यात घुसलेलं. माझ्या प्रमाणपत्रावर दोन शब्द, लग्नाच्या लायसन्सवर तीन. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न, नवरा मुलगा इथला, गुरुजी भारतातून दोन महिन्यांसाठी आलेले म्हणून सही माझी. लग्नानंतर पाच दिवसांत कागद परत द्यायचा, तो द्यायला गेले तर खिडकीतल्या बाई साखळीला बांधलेल्या पेनाने त्या तिसऱ्या शब्दाभोवती गोल काढून विचारतात, 'ही दुसरी व्यक्ती कोण?' नवऱ्याचं नाव आहे म्हटल्यावर, 'म्हणजे त्यांनी लावलं का लग्न?' फोन, मेल, दुरुस्तीचा फॉर्म, नोटरी, आणि दुरुस्तीच्या फॉर्मवर पुन्हा मधल्या नावाला एकच अक्षर. आजही आठवलं की डोकं फिरतं.

मुलीच्या शाळेचंही सांगते, तुम्ही विचारलं नसलंत तरी. प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असा फॉर्म येतो. मी अभिमानाने 'मराठी' लिहिलं. माझी मुलगी पुण्यात बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात. तिची चाचणी घेतली, उच्चार कळले नाहीत की काय देव जाणे, आणि रोज वाचनाच्या तासाला तिला उठवून दुसऱ्या खोलीत इंग्रजी शिकवायला न्यायला लागले. घरी येऊन म्हणाली, 'आई, मला इंग्रजी येत नाही का?' त्यातून बाहेर पडायला वर्षअखेरीची परीक्षा. तुम्ही खरं तेच लिहा, पण चाचणीच्या आधी शिक्षिकेला भेटा, जुनी प्रगतिपुस्तकं न्या. मुलगी आता कॉलेजात आहे, तिला काही आठवत नाही म्हणते. मला आठवतं.

एकटेपणाचं विचारलंत. येईल, पहिल्या थंडीत जास्त. त्यावर सगळेच लिहितात.

मी उत्तर द्यायचं टाळत होते त्याचं कारण वेगळं. माझे वडील वाईला भिक्षुकी करायचे. त्यांनी भावाला शिकवलं, मला नाही. तेव्हा मुलींना शिकवायचा प्रश्नच नव्हता. मी माजघरात बसून ऐकायचे, सप्तपदीचे मंत्र अजून येतात, पण कुणी संथा दिलेली नाही. भाऊ बंगळुरूला इंजिनिअर आहे, त्याला संध्याही आठवत नाही. आणि मी 'रेव्हरंड'. वडिलांना हे सांगितलेलं नाही. रागावतील म्हणून नव्हे. ते हसतील आणि मग विचारतील, 'शिकवलं कुणी?' त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मैत्रिणीच्या मुलीच्या त्या लग्नात गुरुजी मंत्र म्हणत होते, मी माइकवर इंग्रजीत अर्थ सांगत होते, एके ठिकाणी ते एक पद विसरले आणि मी हळूच म्हटलं. त्यांनी वळून पाहिलंही नाही, पुढे चालू. मला त्या दिवशी सहीपेक्षा त्याचं अप्रूप जास्त वाटलं. म्हणून तुमचा प्रश्न वाचला तेव्हा मदत करण्याआधी असूयाच वाटली: ज्या बाईला खरोखर शिकवलंय ती वेबसाइटचा कागद कशाला शोधतेय?

तर क्लर्कला मेल टाका, मसुदा हवा असेल तर मी पाठवते. आणि इथे आल्यावर कुणाला ऑनलाइन शिकवणार असाल तर पहिलं नाव माझं घाला. दक्षिणा मात्र परमिट येईपर्यंत मागू नका, मी देणारही नाही.