आधी कूलर बंद कर

नागपूर

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही टिपणं वाचली. ‘फ्लो’ या पुरात सापडलेल्या मांजराच्या अॅनिमेशन सिनेमाबद्दल ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’, ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ एवढं लिहून उरलेलं पानभर गोष्टच सांगितलीस. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेच्या ‘द लाँग नाइट’ या रात्रीच्या लढाईच्या भागाबद्दल मात्र एकच तक्रार: काही दिसलंच नाही. मला दुसरं टिपण जास्त आवडलं. तक्रार खरी आहे, आणि ती तपासत गेलं तर त्यातूनच लेख उभा राहील.

एप्रिल 2019 मध्ये हा 82 मिनिटांचा भाग आला तेव्हा जगभर हीच ओरड झाली होती. अंधार मुद्दामच ठेवलेला होता. पण तो आपल्या घरी पोचेपर्यंत त्याचं काय होतं बघ. ऑनलाइन पाठवताना चित्र दाबून लहान करतात, आणि त्यात गडद छटांमधले बारीक फरक आधी जातात. म्हणून धुराच्या जागी करडे चौकोन दिसतात. डेटा वाचवायला दर्जा 480 वर ठेवला असेल तर विचारूच नको. त्यात भर दुपार, खिडकीतून ऊन. अशा वेळी ब्राइटनेस वाढवून उपयोग नाही. बहुतेक टीव्हींवर त्याने काळा रंग नुसता राखाडी होतो, दाबताना गेलेलं काही परत येत नाही. रात्री नऊनंतर बघ, दिवा मालव, चित्राचा मोड ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर ने, दर्जा 1080 वर ठेव आणि लागेल तेवढा फक्त बॅकलाइट वाढव. एवढं करूनही दिसलं नाही, तर ‘दिसलं नाही’ असं ठणकावून लिही.

मोशन स्मूदिंगही बंद कर. सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात, आणि हे सेटिंग मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवून घुसडतं. अॅनिमेशनमध्ये तर पुष्कळदा एक चित्र मुद्दाम दोन फ्रेम ठेवतात, त्यामुळे हालचालीला एक ठसका येतो. तो ठसका टीव्ही पुसून टाकतो आणि आपण दोष सिनेमाला देतो.

आता ‘फ्लो’. या सिनेमात एकही संवाद नाही. जे आहे ते आवाजात आहे: पंजांचा, पाण्याचा, शिडाचा. मे महिन्यात आपल्याकडे कूलरच्या घरघरीत बघितलास तर अर्धा सिनेमा तिथेच गेला. जेमतेम दीड तासाचा आहे, तेवढा वेळ कूलर बंद ठेव. नाहीच सोसलं तर कान झाकणारे हेडफोन लाव. मग त्यातला कॅपिबारा, म्हणजे घुशीच्या जातीतला मोठा प्राणी, कसा गुरगुरतो ते ऐकू येईल. तो आवाज उंटाच्या पिल्लाचा आहे, कारण खऱ्या कॅपिबाराचा आवाज त्या शांत प्राण्याला शोभेना.

‘ग्राफिक्स कमी वाटले’ असं लिहिलं आहेस. ते काढू नकोस, पुढे ने. लातवियाचे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी हा सिनेमा ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केला, आणि मार्च 2025 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. अंगावरचे केस एकेक मोजता येत नाहीत, ब्रशने ओढल्यासारखे दिसतात, हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. पण मांजर उडी मारण्याआधी अंग कसं चोरते, कान कसे मागे पाडते ते बघ. तपशील कातडीवर कमी आणि हालचालीत भरपूर, हे तुझं वाक्य होऊ शकतं.

पहिल्यांदा बघताना वही नको. संपल्यावर दहा मिनिटांच्या आत पाच ओळी खरड: कुठे अंग आखडलं, कुठे हसू आलं, कुठे कंटाळून हात फोनकडे गेला. कंटाळाही लिही, तो लपवला की लेख खोटा वाटतो. दुसऱ्या दिवशी फक्त तेवढेच प्रसंग काढ, मिनिट-सेकंद टिप आणि प्रत्येक तीनदा बघ: एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. भावना नेमकी कशाने उठली ते यातच सापडतं.

‘द लाँग नाइट’मधला डोथ्राकी या घोडेस्वार टोळीचा हल्ला घे. त्यांच्या वाकड्या तलवारी पेटतात, सगळे आरोळ्या ठोकत काळोखात घुसतात. मग आपण मागे उभ्या असलेल्या सैन्याच्या जागेवरून बघतो. लांबवर उजेडाचे ठिपके, ते एकेक करून विझतात, आवाजही थांबतो. कोण मेलं ते कुठेच दिसत नाही. ‘भीती वाटली’ म्हणण्यापेक्षा ‘शेवटचा ठिपका विझला आणि मागे राहिलेल्यांबरोबर मीही नुसता काळोख बघत राहिलो’ असं लिहिलं की वाचणाऱ्यालाही ते दिसतं.

मालिकेच्या भागात एक जास्तीचं काम असतं. त्याच्यावर आधीच्या भागांची उधारी असते. आर्या ही मालिकेतली तरुण मुलगी शेवटी शत्रूच्या राजाला मारताना सुरा एका हातातून सोडून दुसऱ्या हातात झेलते. ती चाल सातव्या पर्वाच्या चौथ्या भागात, ब्रिएन या लढवय्या बाईबरोबरच्या सरावात दाखवलेली आहे, आणि तो सुरा तिला मिळतो तोही त्याच भागात. ‘अचानक झालं’ असं लिहिण्याआधी मागचं तपासावं लागतं. तपासूनही अचानकच वाटलं तर खुशाल लिही, फक्त का ते सांग. (भाग जुना म्हणून शेवट उघड केला. नव्या भागाबद्दल लिहिताना पहिल्याच ओळीत सावध कर.)

एक गोष्ट तू टाळलीस, तीच मला हवी आहे. ‘फ्लो’मध्ये आधी हरणांचा कळप धावत येतो, मागून पाण्याची भिंत. पुढे मांजर दगडी मांजराच्या प्रचंड पुतळ्यावर चढते आणि पाणी वर येतच राहतं. तुझं घर अंबाझरी लेआउटमध्ये. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव ओसंडला आणि पाणी घराघरांत शिरलं. तो पुतळा बुडताना तुला जे झालं ते दिग्दर्शकाच्या लातवियातल्या रीगा शहरामधल्या प्रेक्षकाला होणार नाही. पण त्या रात्रीची गोष्ट दोन वाक्यांपुढे नेऊ नकोस. तिसऱ्या वाक्यात पडद्यावर परत ये, नाहीतर सिनेमा बाजूला राहतो.

पुढच्या वेळी तो पुतळ्याचा एकच प्रसंग लिहून पाठव. तीनशे शब्द, ‘अप्रतिम’ न वापरता, आणि वर मिनिट-सेकंद टाकून.