‘सारखा’ दिसला की उपमाच?

प्रश्न असा: नववीतल्या मुलीने ‘आजी भूत पाहिल्यासारखी दचकली’ या वाक्यातला अलंकार म्हणून ‘उत्प्रेक्षा’ लिहिलं आणि तिला शून्य मिळालं. ‘सारखा, प्रमाणे, परी’ आले की उपमा, ‘जणू, गमे, भासे’ आले की उत्प्रेक्षा, असं वर्गात सांगितलं होतं. मग चूक कोणाची?

माझ्या मते मुलीची नाही.

ती यादी पाठांतराला बरी, पण अलंकार शब्दावर ठरत नाही. ‘भाकरी चंद्रासारखी गोल झाली’ यात भाकरी उपमेय (जिची तुलना करायची ती), चंद्र उपमान (ज्याच्याशी करायची तो), गोलपणा हा दोघांतला साधारण धर्म. भाकरी भाकरीच राहते, चंद्र चंद्रच. ‘तव्यावर जणू चंद्रच उतरलाय’ म्हटलं की आपण भाकरीला घटकाभर चंद्र मानून मोकळे होतो. ही उत्प्रेक्षा.

आता आजी. तिची तुलना कोणाशी केली आहे? भुताशी तर नाही (तशी केली असती तर आजीने कान उपटले असते). ‘भूत पाहिलेल्या माणसासारखी’ असं असतं तर उपमान सापडलं असतं. इथे ‘सारखी’ लागलंय ते ‘पाहिल्या’ला, म्हणजे क्रियेला. आजीने भूत पाहिलेलं नाही. तिच्या दचकण्यावरून तसं झालं असावं अशी आपण कल्पना करतो. बोलताना ही लकब आपण रोज वापरतो. ‘दोन घास खाल्ल्यासारखं कर’, ‘कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं’. हाक कोणी मारलेली नसतेच. ‘आईने केल्यासारखी आमटी’ यात मात्र सरळ तुलना आहे, तेव्हा याचाही नियम करू नका.

हा वाद जुनाच आहे. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या पहिल्या अंकात अंधाराचं वर्णन येतं: ‘लिम्पतीव तमोऽङ्गानि वर्षतीवाञ्जनं नभः’. अंधार जणू अंगाला माखतोय, आकाश जणू काजळ बरसतंय. संस्कृतात ‘इव’ म्हणजे आपला ‘सारखा’ही आणि ‘जणू’ही. तो दिसला म्हणून काहींनी इथे उपमा मानली. दंडी या जुन्या काव्यशास्त्रकाराने ‘काव्यादर्श’ या आपल्या ग्रंथात त्यांना खोडून काढलं. ‘माखतो’ हे क्रियापद. क्रियापद उपमान कसं होईल, असा त्याचा सवाल. म्हणून ही उत्प्रेक्षा, आणि ‘मन्ये, शङ्के’ (मला वाटतं, शंका येते) या उत्प्रेक्षेच्या शब्दांच्या पंगतीत त्याने ‘इव’लाही बसवलं.

गंमत पुढच्याच ओळीत आहे. ‘असत्पुरुषसेवेव दृष्टिर्विफलतां गता’: दुर्जनाची चाकरी वाया जावी तशी नजर वाया गेली. नजर आणि चाकरी अशा दोन गोष्टी, वाया जाणं हा समान धर्म, म्हणजे चोख उपमा. एकाच श्लोकात ‘इव’ तीनदा आला, दोनदा उत्प्रेक्षेसाठी आणि एकदा उपमेसाठी.